डिव्हिना आणि तो गुळगुळीत साहेब

मनिलाशेजारच्या आमच्या मारिकिनात माझ्यासारखे बूट शिवणारा दुसरा कुणी नाही, आणि माझ्या धाकट्या बहिणीसारखं इंग्रजी बोलणारंही कुणी नाही. मी सहावीतून शाळा सोडली, पण डिव्हिनाला कॉलेजात मीच घातलं. मनिलातल्या एका काचेच्या ऑफिसात बसून ती फोनवर अमेरिकेतल्या चिडलेल्या गिऱ्हाइकांना गार करायची.

यंदा तिथं नवे साहेब आले, सर ऱ्होडेल. माणूस आपलाच, पण परदेशात शिकून जीभ गुळगुळीत करून आलेला. वरच्या मजल्यावरची माणसं कमी व्हायला लागली होती, त्यामुळे डिव्हिनाचा जीव टांगणीला. एक दिवस हा सगळ्यांसमोर तिला म्हणाला, "तुझी क्षमता इथं अडकलीय. पुढच्या प्रवासासाठी आम्ही तुला मोकळी करतोय. टाळ्या!" सगळ्यांनी वाजवल्या.

घरी आली ती गोंधळूनच. "दादा, शब्द सगळे कळले. नोकरी राहिली का गेली, तेवढं नाही कळलं."

"मग विचारायचं ना!"

"चारचौघांत? साहेबांना किती लाजल्यासारखं होईल!"

"अगं वेडे, टाळ्या वाजवून कुणी हाकलतं का? बढती आहे ही!"

आमच्यात बढती मिळाली की ज्याला मिळाली त्यानंच सगळ्यांना खाऊ घालायचं. नाही घातलं तर जन्मभर चिक्कू म्हणतात. माझ्या बहिणीला कोण म्हणेल! शुक्रवारी पान्सित शेवयांची ही एवढी परात घेऊन, स्वतः शिवलेले बूट घालून मी ऑफिसात हजर. सर ऱ्होडेलनी एक प्लेट फस्त केली, दुसरी भरली. "काय एनर्जी आहे!" म्हणे.

मी विचारलं, "सर, हिला आता केबिन मिळणार का?"

"हे बघा, हा बदलाचा टप्पा आहे. तिच्यासाठी नव्या दिशा..."

"दिशा गेल्या खड्ड्यात. सोमवारी ही या खुर्चीत बसणार का नाही?"

ओठातून शेवई लोंबत होती त्याच्या. "नाही," म्हणाला.

वाढलेलं ताट काढून घेणं आमच्यात फार वाईट. मी घेतलं. सगळ्यांदेखत त्याच्या हातातून.

"दादा!" डिव्हिना ओरडली. मग त्याच्याकडे वळली. "सर, एवढंच होतं, तर टाळ्या कशाला वाजवायला लावल्यात?"

"डिव्हिना, तुझ्या योगदानाची आम्हाला..."

तिनं ऐकलंच नाही. उरलेल्या पान्सितच्या पुड्या बांधायला लागली. सगळ्यांना दिल्या, दारावरच्या वॉचमनलाही. साहेबाला नाही.