गाल भरणारा कंपाउंडर

फिर्याद द्यायला आलेल्या मुलीचा सुजलेला गाल बघून मी तिला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

“दात नाय, साहेब,” तिची आई सांगत होती. पाचूबंदरची मासळी विकणारी बाई.

“दातच आहे, मावशी,” मी म्हणालो, आणि अंमलदाराला पेन बंद करायला लावलं.

ऐंशीच्या दशकातली ही वसईतली गोष्ट, पण अजून मनातून जात नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यातून फोन आला. “दात ठणठणीत आहेत. देवीचे व्रण बुजवायला कुणीतरी हिच्या गालात सुईने काहीतरी भरलंय. सूज डोळ्याकडे सरकतेय. काय भरलं ते लवकर कळवा, नाहीतर डोळा हातचा जाईल.”

मुलगी भीतीने त्या माणसाचं नाव घेईना. मला खुर्चीत बसवेना. चौकशी करत विरारपर्यंत गेलो, तेव्हा एका फोटोवाल्याने खबर दिली. लग्नाच्या फोटोंतले व्रण पेन्सिलीने पुसून देणारा हा माणूस वैतागला होता. “हल्ली मुली रिटचिंग मागतच नाहीत, साहेब. मागच्या गल्लीतला तो कंपाउंडर खरे गालच भरून देतो.”

कंपाउंडर सापडला. झडतीत सिरिंज मिळाली, औषध नाही. ठाण्यात आणून दम दिला, चहा पाजला. “परदेशी औषध आहे, नाव आठवत नाही,” याच्यापुढे तो जाईना. तिकडे डॉक्टरांचे फोनवर फोन. मी खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होतो.

शेवटी चिडून अक्कल पाजळली. “सुई सरळ हाडापर्यंत खुपसलीस, म्हणून गाल सुजला.”

तो उखडलाच. “सरळ? साहेब, सुई आडवी घालायची असते, कातडीत, वरच्यावर. मागे घेत घेत सोडायचं. माझा हात बघा, कापतोय का? हाताचा दोष नाही. तेलच खराब निघालं.”

“कसलं तेल?”

त्याने जीभ चावली. मग खाली बघत म्हणाला, “पॅराफिन. पोट साफ व्हायला देतात ते.”

मी फोनकडे धावलो. त्याच दुपारी डॉक्टरांनी गाल उघडला. डोळा वाचला, गालावर लांब टाक्यांची रेघ राहिली.

जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तेव्हा आईला ऐटीत समजावलं, “मावशी, माणूस गुन्हा लपवतो, पण आपल्या हाताला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपत नाही. नोकरीत हे शिकावं लागतं. मी मुद्दामच त्याला डिवचलं.”

लेकीच्या तोंडाशी पेजेचा चमचा धरून ती म्हणाली, “डिवचलं कसलं, साहेब. तुमाला सुईतलं काय कलत नव्हतं, म्हनून तो बोलला.”