पदर उजव्या खांद्यावर

बायको गेल्यावर भिंतीवर जो फोटो लागला तो तिचा नाही. तोंड तिचं आहे. बाकीचं कुणाचं ते त्या स्टुडिओवाल्याला विचारा. मुलाने तिचा पासपोर्ट साइजचा फोटो दिला आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत तिला जांभळी जरीची साडी नेसवली, कानात झुमके घातले, गळ्यात हार घातला, कपाळावरच्या आठ्या पुसून टाकल्या. त्यांच्याकडे अशी धडं तयार असतात म्हणे. वर मुंडकं बसवायचं फक्त. दिवसकार्याच्या गडबडीत मी बोललो नाही. मग रोज आंघोळ करून त्या परक्या बाईपुढे उदबत्ती लावायची पाळी आली.

"ही कोण आहे?" मी मुलाला विचारलं.

"बाबा, किती छान दिसतेय आई."

"छान दिसतेय. पण कोण आहे?"

तो चहा पिऊन कामावर गेला.

मी ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत हा फोटो उतरवायचा आणि तिचा खरा लावायचा. खरा घरात एकच होता. फार पूर्वी गोराईला गेलो होतो तेव्हा शेजाऱ्याने काढलेला. परतीच्या होडीची वाट बघत धक्क्यावर बसलीय, उन्हाने एक डोळा बारीक केलाय, केस उडालेत, आणि तोंड अर्धं उघडं आहे, कारण ती मला काहीतरी सुनावत होती. हीच ती. पण तो फोटो हाताच्या पंजाएवढा, आणि अल्बमच्या चिकट पानाला असा धरून बसलेला की ओढला तर तोंडाची साल निघावी. अल्बम स्टुडिओत नेऊन द्यायला माझा जीव धजेना. ज्यांनी तिला दुसऱ्याची साडी नेसवली, त्यांच्या हाती पुन्हा कशाला द्यायची?

मुलाने त्याच्या मोबाइलवर काढून दाखवला. आठ्या गेल्या. बारीक केलेला डोळासुद्धा जरा मोठा झाल्यासारखा वाटला.

"मी काही केलं नाही हां," तो म्हणाला. "मोबाइल आपोआप करतो."

आपोआप म्हटलं की माझा विश्वास उडतो. मी भांडुपच्या कारखान्यात जन्मभर लेथ चालवली. हाताने चालवलेली मशीन बिघडायच्या आधी आवाज देते. आपोआप चालणारी गप्प राहते आणि माल बिघडवून ठेवते.

कपाटात मुलाचा जुना कॅमेरा होता. रोलचा एसएलआर, पहिल्या पगारात हौसेने घेतलेला. मी म्हटलं, रोलवर जे उमटलं ते उमटलं, त्यात कोण हात घालणार? पण तोही निघाला आपोआपवाला. त्याचे जाडे, बुटके सेल शोधायला मला घाटकोपरपर्यंत जावं लागलं. रोल मिळाला तोही तिथेच. दुकानदार म्हणाला, हल्ली कॉलेजची पोरं पुन्हा रोल मागतात. का मागतात ते त्यालाही माहीत नव्हतं.

रोल टाकून झाकण लावलं, तर कॅमेरा आपला आपणच घुर्रर करत बसला. मी हात लावला नव्हता. थांबला तेव्हा वरच्या खिडकीत छत्तीस. एक फोटो काढला, पस्तीस झाले. मला वाटलं, झालं, खाल्ला याने सगळा रोल. मुलाने समजावलं, हा आधीच सगळा रोल बाहेर ओढून ठेवतो आणि काढलेला फोटो एकेक करून डबीत परत घेतो. म्हणजे हिशेब उलटा. मी मान हलवली, पण मला पटलं नाही.

अल्बम खाटेवर उघडा ठेवला, वाकलो, बटण अर्धं दाबलं. कॅमेऱ्याने टिट केलं. पूर्ण दाबलं, तर कॅमेऱ्याच्या डोक्यातून फटकन फ्लॅश वर आला आणि चमकला. मी सांगितलं नव्हतं. खाली दाबून बसवला, पुन्हा वर. खोलीत अंधार आहे हे ठरवणारा तो कोण? दोन-चार काढले, प्रत्येक वेळी तिच्या तोंडावर उजेडाचा लख्ख गोळा.

तेवढ्यात मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, ती घाटकोपरला राहते, तोंडाने बहिणीसारखीच तिखट.

"भाऊजी, काय चाललंय? ताईला शॉक देताय?"

मी सांगितलं.

"अहो मग खिडकीशी न्या. त्याला उजेड दिसला की गप्प बसेल."

खिडकीशी नेलं. खरंच गप्प बसला. मग मी भरवसा नको म्हणून काढतच राहिलो. जरा वरून, जरा तिरका, जरा जवळून.

"एवढे तर ती जिवंत असताना नाही काढलेत," मेहुणी म्हणाली. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "आणि तो काय वाईट आहे? असू द्या की. झुमके घातलेत तिला. तुम्ही कधी घातलेत?"

मी पुढचा फोटो काढला. रोल संपल्यावर कॅमेऱ्याने पुन्हा स्वतःच घुर्रर केलं.

रोल धुणारा लॅबवाला घाटकोपरचाच, गुजराती माणूस, मराठी चांगलं बोलतो. मी त्याला बजावलं, काही सुधारायचं नाही. आठी असेल तर आठी ठेव. निगेटिव्हही परत दे. तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. जसा आहे तसा मोठा करून देतो."

चार दिवसांनी मोठा फोटो हातात आला. आठ्या होत्या, डोळा बारीक होता, तोंड उघडं होतं. सगळं तिचं, आणि ती नाही. जणू तिची कोणी जुळी बहीण धक्क्यावर येऊन बसली होती.

"काय केलंस तू हिला?"

"काय नाही केलं काका. आईशपथ."

"मग ही अशी का बघते?"

मी फोटो दाराशी उजेडात नेला. बराच वेळ बघितल्यावर कळलं. पदर उजव्या खांद्यावर.

"हिचा पदर इकडे कसा आला?"

त्याने वाकून बघितलं. "उजव्याच खांद्यावर असतो ना? आमच्या घरी सगळ्या असाच घेतात."

"तुमच्या घरी मागून पुढे घेतात. हा पुढून मागे गेलाय. नीट बघ."

त्याने निगेटिव्ह काढली, दिव्यावर धरली, जीभ चावली. पट्टी मशीनमध्ये उलटी बसली होती. त्याने रोज बघितलेला खांदा तोच, म्हणून त्याला काही खटकलंच नाही.

"सॉरी काका. एक मिनिट." कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि माझी बायको डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे झाली. बारीक डोळा आपल्या जागी आला. ती ती झाली.

मला बरं वाटायला हवं होतं. पण मी त्या बटणाकडेच बघत होतो. एवढं सोपं असेल तर कोण काय करून ठेवेल, कळणार कसं? माझ्यामागे हा फोटो कुणी उलटा लावला, तर नातवंडांना समजेल का?

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी जुना उतरवला, हा सुलटा करून आणलेला लावला. मुलगा म्हणाला, "बाबा, लोक येणार, आई रागावलेली दिसते." मी म्हटलं, "लोकांना माहीत आहे ती."

मेहुणी आली. फोटोपुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता भांडणार.

"होडी चुकली म्हणून बोलत होती ना तुम्हाला?"

"हो."

"दिसतंय." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "तो दुसरा फेकू नका. मी नेते. माझ्या घरी घालू दे तिला झुमके."

मी कागदात बांधून दिला. ती तरी निघेना. कॅमेरा टेबलावरच होता, दुसरा रोल घातलेला. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, बांगड्या पुढे घेतल्या, पदर सारखा केला.

"माझा काढून ठेवा. मी गेल्यावर पोरांनी मला कुणाच्या धडावर चिकटवायला नको."

मी अर्धं बटण दाबलं, टिट झालं, मग पूर्ण दाबलं.

"डोळे मिटले का हो माझे?"

"रोल धुऊन आल्यावर कळेल."

"आणि तोवर काय तुमच्यावर भरवसा ठेवायचा?"

"नको ठेवूस," मी म्हटलं. "तशीच उभी राहा, अजून एक काढतो."