अहवालातला दुसरा शब्द

पुण्याहून परतताना नारायणगाव जवळ आलं, की बाजाराकडून टोमॅटोचा आंबूस, ओलसर वास अंगावर येतो. त्या संध्याकाळी तो आला, तेव्हा नवरा गाडी चालवत होता, माझ्या मांडीवर मुक्ताच्या तपासणीचा अहवाल होता आणि मागच्या सीटवर बसलेली ती, माझी अकरा वर्षांची मुलगी, पुढे जाणाऱ्या ट्रकांचे नंबर मोठ्याने वाचत होती. हेमंतातलं पिवळसर ऊन द्राक्षबागांवरून हळूहळू ओसरत होतं. अहवालात दोन शब्द होते, एडीएचडी आणि ऑटिझम. घर येईपर्यंत त्यांतला एक मी निवडला होता.

डॉक्टरांनी किती शांतपणे समजावलं होतं! हाक मारली तर दोन्ही प्रकारची मुलं ओ देत नाहीत. एकाचं मन दहा ठिकाणी धावलेलं असतं म्हणून, दुसऱ्याचं एकाच ठिकाणी खोल बुडालेलं असतं म्हणून. दोघंही वर्गातून उठून जातात. एकाला बसवत नाही, दुसऱ्याला पंख्याची घरघर सोसवत नाही. बाहेरून दिसतं सारखंच. मुक्तात अशा दोन मुली एकत्र नांदत होत्या. तिला सतत काही नवं हवं असायचं, आणि ठरलेलं काही बदललं की तिच्या पायाखालची जमीन सरकायची. "एकीचं ऐकताना दुसरीला विसरू नका," ते म्हणाले होते.

मी दुसरीला विसरले नाही, मी तिला लपवलं. एडीएचडी हा शब्द मला सोसवत होता. त्यात चांचल्य होतं, बुद्धीची चमक होती, मोठेपणी निवळेल अशी अंधूक आशा होती. ऑटिझम म्हटलं की मात्र लोकांच्या नजरेत मुलीसाठी एक दार मिटताना मला दिसायचं. नवऱ्याला मी म्हटलं, इतक्यात कुणाला सांगायला नको. पारगावच्या जाऊबाईंना सांगितलं, "जरा चंचल आहे." शाळेत अहवालाचं एडीएचडीपुरतं पहिलंच पान दिलं आणि वर्गशिक्षिका नसीम मॅडमना बजावलं, तिला कंटाळू देऊ नका, सारखं काहीतरी नवं द्या, एका जागी बसू देऊ नका.

नसीम जुन्नरच्या एका कारागीर घरातली, मुलांवर जीव लावणारी. डिंभे धरणाच्या पलीकडे, आहुप्याला सहल गेली, तेव्हा तिने माझा शब्द न् शब्द पाळला. देवराईच्या गार, हिरव्या काळोखात मुक्ता एका बुंध्यावरच्या शेवाळाशी डोळे लावून बसली होती. नसीमने तिला मायेने उठवलं, खेळात घेतलं, गट बदलून दिला. आणि जेवण झाडांखाली ठरलेलं असताना ऐनवेळी ते गावात करू या, असं सगळ्यांना सांगितलं. मुक्ता किंचाळली. जमिनीवर डोकं आपटू लागली. मुलं पाहत राहिली, काही हसलीही.

फोन आल्यावर घाट चढून मी पोहोचले, तेव्हा ती गावातल्या एका अनोळखी घरात, धान्याच्या कणगीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. कपाळ सुजलं होतं. हातभर अंतरावर त्या घरची बाई भुईवर बसली होती. "लेकरू लई भ्यालं व्हतं," ती म्हणाली. "मी काय बोलले न्हाई. नुसती बसले जवळ." काहीही ठाऊक नसताना तिने जे दिलं, ते, सगळं ठाऊक असूनही, मी कुणाला देऊ दिलं नव्हतं.

अंगणात नसीम रडत होती. "ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं मी. माझं कुठं चुकलं, तेवढं सांगा."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले, आणि तिथेच थांबले. कपाळ सुजलेली मुलगी समोर असतानाही दुसरा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

आठवड्याने कळलं, की नसीमने मुख्याध्यापकांकडे जाऊन सगळी चूक स्वतःवर घेतली होती. मग मात्र मला घरात बसवेना. पूर्ण अहवाल घेऊन मी तिच्या घरी जुन्नरला गेले. दुसरं पान ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "हे माहीत असतं," ती हलकेच म्हणाली, "तर मी तिला त्या झाडापाशीच बसू दिलं असतं." दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना भेटून खरं काय ते सांगितलं.

मुक्ताला दोन्ही शब्द सांगितले, तेव्हा तिने त्यांचे अर्थ विचारले, काही उदाहरणं मागितली आणि ती चित्र काढायला निघून गेली. मला वाटलं, सुटले.

पुढच्या रविवारी आम्ही पारगावला गेलो. साखर कारखाना सुरू झाला होता. मळीचा गोडसर, जड वास अंगणापर्यंत येत होता. स्वयंपाकघरात जाऊबाईंच्या शेजारी बसून मी सांगायला घेतलं. आधी पहिला शब्द सांगितला, मग दुसरा. जाऊबाई माझ्याकडे झुकल्या. "काय म्हणालीस? मला ऐकू नाय आलं."

तेव्हा लक्षात आलं, की दुसऱ्या शब्दापाशी माझा आवाज आपोआप खाली गेला होता. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तोच पलीकडच्या खोलीतून मुक्ता म्हणाली, अगदी सहज, कसलाही राग नसलेल्या स्वरात,

"आई, मोठ्यानं सांग ना."