गरम सिलेंडरचं माप

इलाही शिकलगार शिरूरला लेथ चालवायचे. रांजणगावच्या कंपन्यांतली पोरं मोटारसायकलचं सिलेंडर बोअर करून, म्हणजे आतून मापात कापून घ्यायला त्यांच्याकडेच येत. माणूस हाताचा पक्का, पण मनाचा संशयी. पावशेर चहापत्तीसुद्धा घरी येऊन परत जोखायचे.

राहू गावचा मल्हार मोटारसायकलच्या मातीवरच्या शर्यती खेळायचा. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका डीलरनं त्याला पगारावर ठेवलं. इंजिन मात्र इलाहीमामांनीच बोअर केलेलं. दौंडच्या शर्यतीत मल्हार पहिला आला आणि दुसऱ्या नंबरच्या टीमनं तक्रार केली, की इंजिन नियमापेक्षा मोठं आहे.

तपासनीस साहेबांनी तिथल्या तिथं इंजिन खोलायला लावलं. माप जास्त भरलं.

"साहेब, गरम लोखंड फुगतं," इलाही म्हणाले. "गार होऊ द्या, मग मापा. आन् त्यांची बी गाडी खोला."

"तक्रार तुमच्या गाडीची आहे," साहेब म्हणाले.

मल्हारचा नंबर गेला, वर सहा महिन्यांची बंदी बसली. साहेबांना सकाळी त्याच टीमच्या तंबूत चहा पिताना इलाहींनी पाहिलं होतं. चहाच तो, पण त्यांच्या डोक्यातून जाईना.

घरी आल्यावर संशयानं दुसरी वाट धरली. शर्यतीआधी इंजिन आठ दिवस राहूला मल्हारकडे होतं. मल्हार भेटायला आला तेव्हा इलाहींनी मान वर केली नाही.

"मामा, माझ्यावर बी शंका?"

"गाडी तुझ्याकडं व्हती. मी काय म्हणू?"

मल्हार चहा न घेता गेला.

बायको बेगम आतून सगळं ऐकत होती. "समद्यांची मापं काढली तुम्ही," ती म्हणाली. "तुमचं मापाचं गेज कवा तपासलं?"

इलाही दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, शर्यतीनंतर दुकानात आणून ठेवलेलं ते सिलेंडर आणि बोअर गेज पिशवीत घालून रांजणगावला गेले. तिथल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, जिथं मापाची हत्यारं तपासतात, ओळखीच्या ज्ञानदेवनं दोन्ही तपासलं. सिलेंडर थंडगार होतं, तरी माप केसभर जास्त. साहेबांनी सांगितलं तेवढं नाही, पण नियमाबाहेर. गेज झिजलं होतं, माप कमी दाखवत होतं.

इलाही तिथूनच एसटीनं राहूला गेले. मल्हार ओट्यावर बसला होता.

"चूक माझ्या गेजाची हाय," ते उभ्यानंच म्हणाले. "तुझी न्हाई."

"हे त्या साहेबाला कळवा, मामा. मला सांगून बंदी उठंल व्हय?"

इलाहींनी आयोजकांना पत्र लिहवून पाठवलं. त्यात चूक कबूल केली, पोराची बंदी उठवा म्हटलं, आणि पुढं असंही की पहिल्या तिघांची इंजिनं खोला, गार करून मापा. उत्तर दोन ओळींचं आलं: गाडीला स्वार जबाबदार, बंदी कायम.

पुढच्या वर्षी दौंडला शर्यतीच्या फळ्यावर नवी सूचना लागली. पहिल्या तिन्ही गाड्या खोलणार, इंजिन गार झाल्यावर. ती त्या पत्रामुळं लागली की आणखी कशामुळं, कुणी सांगितलं नाही. मल्हार दुसऱ्याकडून बोअर करून घेतलेल्या इंजिनावर खेळला, चौथा आला. जाताना त्यानं इलाहींना लांबूनच हात केला.

गर्दी पांगली तरी इलाही तपासणीच्या दोरीपाशी उन्हात उभेच. दोन इंजिनं मापून झाली होती.

"आप्पा, तुमची गाडी कुठली?" पहाऱ्यावरच्या माणसानं विचारलं.

"एक बी न्हाई," इलाही म्हणाले. "तिसरी खोलतात का, बघतो."