जमा केलेली शिट्टी

आमच्या तीनवड फाट्यावर वड एकच आहे. बाकीचे दोन रस्ता रुंद करताना गेले, नाव मात्र राहिलं. कऱ्हाडकडून सांगलीला जाणारा रस्ता, त्याला आडवा छेदणारा साखर कारखान्याचा रस्ता आणि मधोमध नाथाजी मेजर, असा हा फाटा. इथे सिग्नल नाही, पोलीस चौकी नाही. मेजर आहेत.

मेजर म्हणजे खरे हवालदार. पण आमच्याकडे फौजेतून पेन्शनवर आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, जसा औषधाचं दुकान चालवणारा मी, सम्मेद, गावाचा 'डॉक्टर' आहे. आम्ही दोघांनीही गावाची ही चूक कधी दुरुस्त केलेली नाही.

नाथाजींनी चोवीस वर्षं फौजेत ट्रक चालवले. बर्फातून, दरडींखालून, पन्नास-पन्नास गाड्यांच्या ताफ्यात. परत आल्यावर साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर काही वर्षं काढली. मग नात शाळेत जायला लागली. दोन वड गेल्यापासून फाट्यावर गाड्या मोकाट सुटायच्या, म्हणून तिला रस्ता ओलांडून देण्यासाठी ते एके दिवशी शिट्टी घेऊन उभे राहिले. नात आता पुण्यात कॉलेजला आहे. मेजर अजून रस्त्यातच आहेत.

सकाळी सात ते अकरा, दुपारी चार ते सात. पांढरा शर्ट, खाकी पँट, फौजेतला रुंद पट्टा आणि गळ्यात साखळीला अडकवलेली पितळी शिट्टी. कुणी नेमलेलं नाही, कुणी पगार देत नाही. त्यांच्या पत्नी रंगुबाई म्हणतात, "घरात बी हेंचं ह्येच. आमटी वाढाय गेलं की हात आडवा करून 'रुको' म्हनत्यात." लग्नाच्या पंगतीत तर वाढप्यांची वाहतूक तेच बघतात. भात डावीकडून, बुंदी उजवीकडून, आणि मठ्ठ्याच्या बादलीला सगळ्यांनी वाट द्यायची.

मला त्यांची गरज रोज संध्याकाळी सव्वासहाला पडते. आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा आमच्या घरचा नेम, आजोबांपासूनचा. माझं दुकान फाट्याच्या अलीकडे आणि घर पलीकडे. मी शटर अर्धं ओढलं की मेजर शिट्टी मारतात, चारी बाजू थांबतात आणि उसाच्या ट्रॅक्टरांमधून मी एखाद्या मंत्र्यासारखा जेवायला जातो.

हे सगळं आधी सांगितलं ते अशासाठी, की मेजरांची शिट्टी गेली ती माझ्यामुळे.

त्याचं असं झालं. साताऱ्याहून सांगलीला दरवर्षी मोटरसायकलींची एक फेरी निघते. शंभर-सव्वाशे गाड्या, आणि शेवटी सांगलीत सगळ्यांनी रक्तदान करायचं. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा आमच्या फाट्यावरून गेली, तेव्हा गावानं एकच प्रश्न विचारला, "कोन उभा ऱ्हायलाय?" आमच्याकडे एवढ्या गाड्या एकामागं एक फक्त निवडणुकीचा फॉर्म भरायला जातात. रक्ताबिक्ताचं कुणाला खरं वाटेना. त्यात सगळ्या गाड्या एकदम आल्या, वडाखाली फोटो काढायला थांबल्या, आणि काहींच्या सायलेन्सरचा आवाज असा, की दुकानातल्या बाटल्या नाचायला लागल्या. मेजर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. पोरांना वाटलं स्वागत चाललंय. त्यांनी हात हलवले.

चाळीस मिनिटं फाटा तुंबला. अंबूबाईंची म्हैस दावं तोडून उसात पळाली आणि दोन दिवस तिनं दूध दिलं नाही. माझ्या दुकानासाठी येणारा इन्सुलिनचा खोका टेम्पोत अडकला आणि त्यातला बर्फ विरघळून गेला. मी रागीट माणूस आहे, हे गावात कुणालाही विचारा. त्या दिवसापासून मी ती फेरी मनात धरून ठेवली होती.

यंदा ती परत येणार असं कळल्यावर वडाच्या पारावर बैठक बसली. मी सगळ्यांत पुढे. म्हणालो, "रक्त द्यायचं तर द्या ना! त्याला फटफटी कशाला? रक्त काय पेट्रोलवर चालतं?" लोक हसले. मला माझंच वाक्य फार आवडलं, म्हणून मी ते आणखी दोनदा म्हटलं. अंबूबाई ऐंशीच्या, त्यांचं घर फाट्याला लागूनच. त्या म्हणाल्या, "माज्या म्हशीचं पाप लागंल त्यास्नी."

तेव्हा मेजर उठले. "चूक त्यांची न्हाई," ते म्हणाले. "ताफा यायच्या आदी रस्ता बांधावा लागतोय, म्हंजे कुनी कवा सुटायचं ते ठरवावं लागतंय. त्यो म्या बांधला न्हवता. यंदाची जबाबदारी माजी."

"आणि यंदाही तुंबला तर?" मी विचारलं.

मेजरांनी माझ्याकडे पाहिलं आणि गळ्यातली शिट्टी हातात धरली. "रस्ता धा मिन्टांच्या वर आडला, तर ही तुमच्याकडं जमा, डॉक्टर."

"ठरलं," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मेजर कामाला लागले. फेरी काढणारी शिवांजली नावाची मुलगी होती. साताऱ्याला एका कारखान्यात नोकरी करते आणि स्वतः बुलेट चालवते. तिच्याशी ते फोनवर चार वेळा बोलले. तेही माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून, म्हणजे मला ऐकू यावं. "बारा गाड्यांचं एक पाकीट करायचं, पोरी. दोन पाकिटांत पाच मिन्टं मोकळी. तेवड्यात मी ऊस सोडतो. हारन न्हाई, फोटू न्हाई, फुटका सायलेन्सर न्हाई. आन् पाकिटाच्या पयल्या गाडीला झेंडा, शेवटच्या गाडीला झेंडा. म्हंजे मला कळंल, कुटं सुरू, कुटं संपलं."

"हो काका," ती म्हणायची. एवढी शहाणी मुलगी असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याचाही मला थोडा राग आला.

योजना फौजेतल्यासारखी चोख होती. फक्त झेंडा कुठल्या रंगाचा, ते सांगायचं राहून गेलं.

फेरीचा दिवस रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी शिवजयंती. आमच्या भागात शिवजयंतीला गडावरून गावात ज्योत आणतात. पोरं आळीपाळीनं मशाल घेऊन अनवाणी पळतात आणि मागून मोटरसायकली येतात, भगवा लावलेल्या. रस्त्यावरचा माणूस ज्योतीला बाजू देतो, हॉर्न वाजवत नाही. दारातल्या बायका पळणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात. त्या रविवारी सकाळपासूनच लांबच्या गावांच्या दोन ज्योती फाट्यावरून गेल्या होत्या. आणि त्या आठवड्यात बाजारात जाऊन झेंडे मागितले, तर दुकानदार कुठले देणार?

साडेआठला मी दुकानापुढे खुर्ची टाकून घड्याळ हातात घेऊन बसलो होतो. कऱ्हाडच्या बाजूनं पहिलं पाकीट आलं. बारा गाड्या, एका ओळीत, अगदी गुमान. पुढे शिवांजली आणि तिच्या बुलेटवर हातभर भगवा.

अंबूबाई कळशी घेऊन थेट रस्त्यात गेल्या. "ज्योत आली गं!" त्यांनी मागे हाक दिली. शिवांजलीनं करकचून ब्रेक लावला. अंबूबाईंनी तिच्या पायांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बूट घालून ज्योत? काड आदी. पायावर पानी घालायचंय."

पोरगी गोंधळली, पण ऐंशीच्या बाईपुढे नाही कोण म्हणणार? तिनं गाडी स्टँडवर लावली. तिचे ते गुडघ्यापर्यंतचे बूट, प्रत्येकाला सहा बकलं! ती एकेक बकल सोडत होती आणि मी घड्याळ बघत होतो. तोवर गल्लीतल्या आणखी दहा-बारा जणी तांबे-कळशा घेऊन आल्या आणि मागच्या अकरा जणांनाही बूट काढायला लावलं.

मेजरांनी शिट्टी मारली. ट्रॅक्टरवाल्यांना पुढे यायची खूण केली. पण ट्रॅक्टरवाल्यांनी झेंडा पाहिला, पायांवर पाणी पडताना पाहिलं, आणि इंजिनं बंद केली. टेप बंद केले. हात जोडले. सांगलीहून आलेल्या एसटीच्या खिडक्यांतूनही लोकांनी हात जोडले. मेजरांनी शिट्टी पुन्हा तोंडाला नेली आणि तशीच खाली घेतली. ते याच मातीतले गडी. त्यांना ज्योतीसमोर शिट्टी वाजवायचं जमेना. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो माझ्या डोळ्यांपुढे.

शेवटी ते अंबूबाईंजवळ गेले. "काकी, ही ज्योत न्हवं."

"मग काय हाय?"

"गेल्या साली तुमची म्हस पळवली, तीच ही पोरं."

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती, पण हा माणूस तसा नाही. अंबूबाईंनी रिकामी कळशी कमरेला लावली आणि शिवांजलीला विचारलं, "कुनीकडं निघालाय?"

"रक्त द्यायला, आजी. सांगलीला लहान मुलं आहेत दवाखान्यात. त्यांच्या अंगात रक्त टिकत नाही. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं घ्यावं लागतं."

"दर तीन आठवड्यानं?"

"हो. जन्मभर."

अंबूबाईंनी तिच्या ओल्या पायांकडे पाहिलं. "मग पानी वाया न्हाई गेलं," त्या म्हणाल्या. "खाल्लंय न्हवं सकाळी? उपाशी पोटी रगत देऊ नगा."

"पोहे खाल्लेत, आजी."

"मग हितं काय करताय? चला, निघा!" आणि वळून बायकांवरच ओरडल्या, "कडंला व्हा गं! नाथाला काम करू द्या."

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. बायका रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या राहिल्या. पुढची नऊ पाकिटं संथपणे आली आणि न थांबता गेली. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चाकावर ओंजळभर पाणी पडत होतं. मधल्या पाच-पाच मिनिटांत मेजर उसाचे ट्रॅक्टर असे काढत होते, की सुईत दोरा ओवावा. शिट्टी, हात, शिट्टी, हात. मीही एकदा उठून उभा राहिलो, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून परत बसलो.

फेरी गेली. मेजर दुकानात आले, घाम पुसला आणि गळ्यातली शिट्टी काढून काउंटरवर ठेवली.

"हे काय?"

"अकरा मिन्टं," ते म्हणाले. "पयल्या पाकिटाला अकरा मिन्टं लागली. मी बी घड्याळ बगत हुतो."

मी म्हणायला हवं होतं, 'जाऊ द्या मेजर.' पण बैठकीत चारचौघांत 'ठरलं' म्हणालो होतो मीच. शिट्टी मी थर्मामीटरच्या खणात ठेवली. दिवसभर ज्यानं त्यानं थर्मामीटरच मागितला, आणि दर वेळी ती समोर आली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी सव्वासहाला मी शटर अर्धं ओढलं आणि सवयीनं थांबलो. शिट्टी वाजली नाही. मेजर पारावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर. फाट्यावर चारी बाजूंनी ऊस भिडला होता. एसटी हलेना, ट्रॅक्टर मागे सरेना. पलीकडे आमच्या दारात माझी बायको गुणमाला हातानं बोलवत होती, "अहो, या की! ऊन चाललं!" मी एक पाऊल टाकलं, ट्रॅक्टर अंगावर आला. दोन पावलं मागे.

"मेजर!" मी ओरडलो. "निदान हात तरी दाखवा!"

"जमा म्हंजे जमा, डॉक्टर," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला होता. हात मांडीवर धरून ठेवायला त्यांना किती जड जात होतं, ते मला तिथूनही दिसत होतं.

सूर्य वडामागे गेला, मग उसामागे गेला, मग गेलाच. मी रस्त्याच्या अलीकडेच होतो. मी उपाशी झोपलो, आणि घरात कुणीही माझी कीव केली नाही.

सकाळी सातला शिट्टी घेऊन पारावर गेलो. मेजर पांढरा शर्ट घालून येऊन बसलेलेच होते.

"घ्या," मी म्हणालो. "कोंडी पोरांनी केली नाही, गावानं केली. मी चुकलो."

त्यांनी हात पुढे केला नाही. "फौजेत जमा केल्याली वस्तू लेखी हुकमाशिवाय परत घेत न्हाईत."

"आता हुकूम कुठून आणू?"

"तुमीच जमा केली. तुमीच द्या."

मी दुकानात गेलो. कागद म्हणून माझ्याकडे पावतीपुस्तकच. त्यावर लिहिलं: 'शिट्टी, एक नग. रोज सकाळ-संध्याकाळ. संध्याकाळची वेळ डॉक्टरांच्या जेवणाआधी चुकवू नये. आयुष्यभर चालू ठेवणे.' खाली सही केली.

मेजरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "शिक्का?"

माझ्याकडे शिक्का एकच आहे. मी तो मारून दिला. त्यांनी पावती लांब धरली आणि शिक्क्यातली ओळ मोठ्यानं वाचली, "एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही."

मग त्यांनी पावतीची घडी करून खिशात ठेवली, शिट्टी गळ्यात घातली आणि फाट्याच्या मधोमध जाऊन अशी वाजवली, की दुकानातल्या बाटल्या पुन्हा एकदा नाचल्या.