शंभर टक्क्यांचा निकाल

बार्शीटाकळी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका हायस्कुलात शालिकराम गावंडे बावीस वर्षं गणित शिकवत होते. दहावीचा वर्ग कायम त्यांच्याकडेच. त्या वर्षी जूनच्या बैठकीत तालुक्यातल्या शाळांच्या निकालाचा तक्ता पडद्यावर आला. सगळ्यात वर तालुक्याच्या गावातली मोठी शाळा, सत्त्याण्णव टक्के. सगळ्यात खाली यांची, चव्वेचाळीस. मुख्याध्यापक खुशालरावांनी मान वर केली नाही.

शालिकरामांनी चार दिवस खपून आपला वेगळा तक्ता केला. नव्या दहावीत बत्तीस पोरं. अठरा जणांचे मायबाप दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. अकरा पोरी कापूस वेचणीत शाळेत दिसतच नाहीत. एकोणीस घरांत दहावी पाहिलेलं कोणी नाही. तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांनी तो कागद वाचला आणि परत दिला.

"माहिती चांगली आहे, सर. पण आमच्या नमुन्यात हे रकाने नाहीत."

जुलैत खुशालरावांनी नापास होतील अशा नऊ पोरांची नावं काढली. "यायचे दाखले देऊन टाका. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतीन. आपल्या निकालात धरत नाईत."

"अन् शिकवन कोन त्याईले?"

"शाळाच बंद पडली त तुमी कोनाले शिकवसान?"

शालिकराम दाखल्याच्या अर्जांवर मायबापांच्या सह्या घ्यायला घरोघर निघाले.

यादीतली आचल वर्गात सगळ्यात जास्त गैरहजर, पण बीजगणित एकदा सांगितलं की तिला पुन्हा सांगावं लागत नसे. तिच्या बापानं, गजेंद्रनं, कागद न वाचताच सही केली. "सर, तुमी म्हनता त बरोबरच असन."

आचल दारात उभी होती. "सर, मले काहून काढून राहिले?"

"काढत नाई, बाई. परीक्षा त तुले देताच येते."

"मंग शिकवन कोन?"

शालिकराम चपला घालून बाहेर पडले.

नऊपैकी तिघंच परीक्षेला बसले, तिघंही गणितात गेले. आचल तेव्हा मायबापासोबत भट्टीवर होती. शाळेत उरलेली तेवीसही पोरं पास झाली. शंभर टक्के. ऑगस्टमध्ये शालिकरामांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. ती शाल त्यांनी घरी नेलीच नाही.

पुढच्या यादीत अकरा नावं होती. "मी कोनाच्या घरी जात नाई," शालिकराम म्हणाले. खुशालराव वाद घालत बसले नाहीत. त्यांनी दहावी दुसऱ्या मास्तराला दिली, यांना पाचवी. फॉर्म भरले गेलेच.

गेल्या हिवाळ्यात तिवशाला लग्नाला जाताना शालिकराम नांदगाव पेठच्या थांब्यावर बसची वाट पाहत होते. कपड्याच्या कारखान्यातून सुटलेल्या पोरींमध्ये आचल दिसली. केसांत कापसाचे तंतू. तिनंच ओळख दिली.

"धागे कापतो, सर. बरं हाये."

"अजूनई फॉर्म भरता येते. मी शिकवतो तुले."

"बारा तास उभं राहा लागते. रूमवर गेलं का डोयेच उघडे राहत नाईत."

"चूक माही झाली, आचल."

तिनं ओढणीनं केसांतले तंतू झटकले. "तुमी एकटे कुठं होते, सर? बाबानं सही केली. मी बी गप राहिली."

कंपनीची गाडी आली. पोरींच्या घोळक्यात ती चढून गेली.

तिवशाच्या पंगतीत शालिकरामांनी वाढलेल्या पानाला हात लावला नाही. पोट बिघडलंय, असं त्यांनी वाढणाऱ्याला सांगितलं आणि पानावरून उठले.