अण्णांना येणारं एकच इंग्रजी नाव

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. पण एका औषधाचं नाव ते इंग्रजीत, एकही अक्षर न चुकता लिहीत. कोणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणत, "दवाखान्यानं."

बेलापूरजवळ त्यांची अंडी देणाऱ्या कोंबड्यांची शेड होती. मी श्रीरामपुरात जनावरांच्या औषधांच्या दुकानात कामाला. दर पंधरवड्याला मोटरसायकलवरून त्यांना अँटिबायोटिकची पिवळी पावडर पोचवायचो. ती कोंबड्यांच्या पाण्यात मिसळायची. कोंबडी आजारी असो वा नसो. "दिलेली बरी, साथ येत नाही," असं मीच त्यांना सांगितलं होतं. मला ते आमच्या मालकांनी सांगितलं होतं.

मी जाई तेव्हा अण्णांच्या पत्नी, म्हणजे काकू, अंडी निवडत बसलेल्या असत. अंड्याला घाण लागलेली दिसली की पदरानेच पुसत आणि तशाच हाताने भाकरी मोडत. अण्णा मुळात अबोल. त्यांच्या वाटचंही काकूच बोलत. पाऊस, लेकीचं सासर, कोणती कोंबडी रुसलीय, सगळं. अण्णा नुसतं "व्हय" म्हणत.

एका उन्हाळ्यात काकूंना जुलाब आणि ताप सुरू झाला. ताप हटेना, तेव्हा त्यांना नगरच्या दवाखान्यात हलवलं. मी भेटायला गेलो त्याच दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाई अण्णांना म्हणाल्या, "जंतू पोटातून रक्तात गेलाय. नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. घरी कोंबड्या आहेत का? त्यांना काय देता?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाव सांगितलं. बाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. न चालणाऱ्या औषधांत ते नाव होतं.

"जंतू तुमच्याच शेडमधून आला असं मी ठामपणे सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "पण येऊ शकतो. कोंबड्यांना सारखं औषध पाजलं की त्यांच्या पोटातले जंतू त्याला सरावतात. मग विष्ठेतून, अंड्यावरून ते आपल्या हाताला लागतात."

अण्णांनी माझाच पेन मागून घेतला आणि एकेक अक्षर बघत ते नाव एका कागदावर उतरवलं. बाईंनी दुसरं इंजेक्शन सुरू केलं, पण उशीर झाला होता. पाचव्या दिवशी काकू गेल्या.

महिनाभराने मी सवयीने पावडर घेऊन गेलो. अण्णांनी पाकीट हातात घेऊन नाव वाचलं, परत दिलं. "आता न्हाई पाजायची, भाऊसाहेब." त्या हिवाळ्यात त्यांच्या बऱ्याच कोंबड्या मेल्या. मग त्यांनी कोंबड्या कमी केल्या, शेड रोज झाडू लागले, आणि तो कागद खिशात घालून शेजारच्या शेडवाल्यांकडे जाऊ लागले. लोकांनी आधी चहा पाजून ऐकून घेतलं. पुढे ते दिसले की लोक आत जात. बायको गेल्याने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं ठरून गेलं.

मीही टाळू लागलो. संध्याकाळी त्यांचा फोन येई. वाजून वाजून बंद होई. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एकदा मन खाऊ लागलं म्हणून गेलो. ते ओट्यावर एकटे बसले होते.

"अण्णा," मी म्हणालो, "पावडर मीच आणून देत होतो."

"व्हय. आन् मी पाजत हुतो."

त्यांनी सरकून मला ओट्यावर जागा करून दिली. मग तेच म्हणाले, "फोन पावडरीसाठी न्हाई करत मी. तुमी तिला पाहिलेलं हाय. तिच्याबद्दल कोनी बोलावं, म्हनून करतो."

पुढच्या महिन्यात लेकीने त्यांना नाशिकला नेलं. शेड रिकामी आहे. मी अजून त्याच दुकानात आहे. जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मगच पावडर देतो, असं म्हणतो आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

दर रविवारी मी अण्णांना फोन लावतो. काकूंबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते केव्हाच सांगून झालंय. तेच पुन्हा सांगतो. पलीकडून अण्णा "व्हय" म्हणत राहतात.